पडवीतला चाकरमानी

गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आंबे-फणस खायला येतो आणि सुट्टी संपली की परत जातो, तो चाकरमानी. कोकणात कित्येक पिढ्या हा नेम चालला. येताना हातात मिठाईचा बॉक्स, जाताना पिशवीत कोकमं आणि एसटीच्या टपावर फणस. गावाने त्याच्यावर मनापासून प्रेम केलं, कारण तो जाणार हे नक्की असायचं. 2020 साली मात्र एक नवाच नग निपजला. हा आला आणि जाईनाच.

त्याला गावात रेंजकर म्हणतात. त्याचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त सातबाऱ्यावर उरलं आहे. शिवाय रेंजकर हा काही एकच माणूस नाही. आमच्या देवगड तालुक्यात वाडीगणिक एखादा आहे, खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे जास्त, वर राजापूर-गुहागरातही आहेत. मी ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो माझ्या पडवीत राहायचा. म्हणजे झोपायला स्वतःच्या घरी आणि नोकरी करायला माझ्या पडवीत.

ती पडवी साधीसुधी नाही. पस्तीसेक वर्षं ती भारत सरकारचं पोस्ट ऑफिस होती. मी शाखा डाकपाल होतो, आणि खेड्यातल्या शाखा पोस्टाची रीत अशी की जागा डाकपालाने द्यायची. मग काय, घराच्या पडवीला एक खिडकी पाडली, लाकडी फळी ठोकली, लाल पेटी टांगली की झालं पोस्ट. आत बायको तांदूळ निवडते आहे, मी बाहेर मनिऑर्डरी मोजतो आहे, मधेच कढईतली फोडणी करपल्याचा वास येतो आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांनी 2020 साली घरून काम करायचा जो शोध लावला तो आमच्या खात्यात इंग्रजांच्या वेळेपासून चालू होता, पण त्यावर कोणी व्याख्यानं दिली नाहीत.

तर हा रेंजकर गावात आला तो मे 2020 मध्ये. पुण्यात आयटीत होता. चोवीस मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली, महिना-दीड महिना त्याने बाणेरच्या फ्लॅटमध्ये मॅगी खाऊन काढला आणि मग ई-पास काढून गाव गाठलं. गावाने त्याचं जे स्वागत केलं ते शाळेत. तेव्हा बाहेरून आलेल्याला चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचे. ग्राम कृती दलातली मंडळी लांबून दंड्याने दिशा दाखवत होती. ज्या शाळेत हा पहिलीला बसला त्याच शाळेत, त्याच बाकावर, गुडघे हनुवटीला लावून याने अमेरिकेतल्या साहेबाबरोबर पहिली मीटिंग केली. मागे फळ्यावर बाराखडी होती. साहेबाने विचारलं, हे काय लिहिलंय? याने सांगितलं, प्रोजेक्ट प्लॅन. साहेबाला तो फार आवडला म्हणे.

शाळेतून सुटून घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला तो रेंजचा. आमचं गाव वहाळाच्या काठी, खोलगटात. घरात फोनला काठी नाही. रेंज मिळते ती वर सड्यावर. जांभ्या दगडाचं ते उघडं रान, झाड औषधाला नाही. पूर्वी सकाळी सड्याकडे जाणाऱ्या माणसाच्या हातात पाण्याचा डबा दिसला की कोणी त्याला काही विचारत नसे. रेंजकर लॅपटॉप आणि छत्री घेऊन जाऊ लागला तेव्हा सगळा गाव विचारू लागला. दगडावर बसून, छत्री मानेत धरून, गुरांच्या मधोमध हा हातवारे करत इंग्रजी बोलायचा. गुराख्याची पोरं जरा अंतरावर बसून ऐकायची. एकाने दोन महिन्यांत 'कॅन यू हिअर मी' असं स्वच्छ म्हणायला सुरुवात केली, तेही म्हशीला.

याच सुमारास कणकवली तालुक्यातली एक मुलगी ऑनलाइन तासांसाठी डोंगरावर झोपडी बांधून भर पावसात अभ्यासाला बसली होती. वर्तमानपत्रांत फोटो आले, सगळ्यांनी जिद्दीचं कौतुक केलं. ते खरंच होतं. पण रेंजकराने सड्यावरचा फोटो टाकला त्याला त्याच्या मित्रांनी लिहिलं, 'काय नशीबवान आहेस, केवढा व्ह्यू!' डोंगर तोच, पाऊस तोच आणि घरी रेंज नसणंही तेच. पगार असला की त्याला व्ह्यू म्हणतात.

गावात मात्र त्याच्या पगारावर कोणाचा विश्वास नव्हता. चाकरमानी गणपती संपून पंधरा दिवस झाले तरी गावात दिसतो, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. चहाच्या टपरीवर तो काढला गेला. "झिलाची नोकरी गेली काय गो?" असं दोघी-तिघींनी त्याच्या आईला विहिरीवर हळूच विचारलं. एकीने तर सहानुभूती म्हणून पायलीभर तांदूळ आणून दिले. आईने ते घेतले, कारण तिचीही खात्री नव्हती. "दिसभर निजता आणि रातभर भिंतीवांगडा बोलता," असं ती मला सांगायची. यात नोकरी कुठे बसते, हे तिला कळेना. मलाही बाईला समजावता येईना. नोकरी म्हणजे सकाळी डबा घेऊन जाणं आणि संध्याकाळी कावलेलं तोंड घेऊन परत येणं. यातलं दुसरं तो करत होता, पण जात कुठेच नव्हता.

मग गावात केबलवाल्याने फायबर आणलं. ते आमच्या घरापर्यंत आलं आणि पुढे त्याच्या घराकडे जायला मध्ये चुलतभावाच्या नारळाची हद्द आडवी आली. चुलतभाऊ म्हणाला, तार माझ्या माडावरून जायची नाही. हे प्रकरण तीन पिढ्यांचं असल्यामुळे फायबरने त्यात पडायचं कारण नव्हतं. तेव्हा रेंजकर माझ्याकडे आला. माझी निवृत्ती झालेली, पोस्ट नव्या डाकपालाच्या घरी गेलेलं, पडवी रिकामी. "काका, भाड्याने देता?" म्हणाला. मी म्हटलं, बस. सरकारने आयुष्यभर या जागेचं मला जे दिलं त्यापेक्षा तो पहिल्याच महिन्यात जास्त देऊन गेला.

तेव्हापासून मला तो जवळून पाहायला मिळाला.

पोस्टाच्या खिडकीच्या आत त्याने टेबल मांडलं. वर इस्त्रीचा निळा शर्ट, खाली लुंगी. मागच्या भिंतीवर माझ्या वडिलांचा हार घातलेला फोटो आणि एक जुना टपालखात्याचा तक्ता. ते अमेरिकेला दिसू नये म्हणून त्याने कॉम्प्युटरमध्येच एक खोटी भिंत लावली. काचेची कचेरी, मागे उंच इमारती, एक कुंडी. साहेबाला त्याने सांगितलं होतं की मी पुण्यातच आहे. आता ही खोटी भिंत फार तल्लख असते. माणूस ओळखते, बाकी सगळं पुसते. एकदा मीटिंग रंगात आलेली असताना त्याची आई घावने घेऊन आली. ती दाराआड उभी राहिली आणि तिने फक्त ताट पुढे केलं. साहेबाला दिसलं ते असं: काचेच्या इमारतीतून, चोविसाव्या मजल्याच्या हवेतून, हिरव्या बांगड्या घातलेला एक हात बाहेर आला, त्याने घावन्याचं ताट टेबलावर ठेवलं, वर चटणी सारखी केली आणि तो परत हवेत नाहीसा झाला.

साहेब काही क्षण बोलला नाही. मग त्याने विचारलं, हे कोण? आईला इंग्रजी येत नाही, पण सूर कळतो. ती दाराआडून म्हणाली, "त्या बाबड्याक विचार, जेवलो काय?" रेंजकराने भाषांतर केलं, की ऑफिसच्या कँटीनमधून आलंय. गायीच्या घंटेला तो रिंगटोन म्हणायचा. शेजारच्या कोंबड्याला मात्र त्याला काही नाव सापडलं नाही. कोंबडा अवेळी आरवायचा, आणि ते चुकीच्या वेळी आरवणं अमेरिकेच्या बरोबर वेळेला पडायचं.

वेळ हा रेंजकराचा सगळ्यात मोठा घोळ. त्याचा साहेब न्यूजर्सीला. तिकडे सकाळचे नऊ वाजले की आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. तिकडे मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासभर पुढे-मागे करतात, त्यामुळे वर्षातून दोनदा त्याच्या आईचं जेवणाचं वेळापत्रक अमेरिकन सरकार बदलायचं. तिन्हीसांजेला आई तुळशीपुढे दिवा ठेवून हात जोडते आहे आणि पडवीतून खणखणीत आवाज येतो आहे, 'गुड मॉर्निंग!' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाडीतल्या एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की पोराला कोणाला तरी दाखवा.

तो गावात राहायला आला होता असं तो म्हणतो. माझ्या मते तो गावात आलाच नव्हता. सकाळी गाव जागा व्हायचा तेव्हा तो झोपायचा. दुपारी गाव झोपायचा तेव्हा तो उठून पेजेचा फोटो काढायचा. समुद्र घरापासून पाऊण तासाच्या चालण्यावर, पण त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बालीचा समुद्र होता आणि हा तोच जास्त बघायचा. लावणीच्या दिवसांत एकदा शेतात उतरला. मुठीत रोपं धरून दहा-बारा ओळी लावल्या, त्याचा व्हिडिओ केला, तो हजारो लोकांनी पाहिला. उरलेलं शेत त्याच्या आईने आणि तीन बायकांनी लावलं, ते कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या कमरेला आयोडेक्स मीच चोळून दिलं.

माणूस वाईट नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. बापाच्या पायाचं हाड मोडलं तेव्हा कुडाळच्या दवाखान्यात त्याने पंधरा दिवस काढले, खाटेशेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवून. मुंबईतल्या चाकरमान्याला त्याच कामासाठी बिनपगारी रजा टाकावी लागली असती. शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचवायलाही तो होता. फक्त पालखी त्याच्या दाराशी आली तेव्हा त्याची मीटिंग चालू होती, म्हणून देवाला दहा मिनिटं अंगणात उभं राहावं लागलं. ढोल-ताशे थांबवून सगळी वाडी कुजबुजत उभी. गावच्या इतिहासात देव म्यूटवर गेल्याची ही पहिलीच वेळ.

गावातले सगळे प्रतिष्ठित त्याने वेगळ्या क्रमाने लावले. सरपंच, पोलीस पाटील, गुरव, गुरुजी ही आमची उतरंड. रेंजकराच्या लेखी पहिला नंबर वायरमनचा. महावितरणचा हा माणूस खांबावर चढला की रेंजकर खाली शिडी धरून उभा. मंगळवारी देखभाल-दुरुस्तीसाठी लाइट जाते, ती किती वाजता येणार, हे वायरमनच्या बायकोलाही ठाऊक नसतं, पण रेंजकराला ठाऊक असायचं. पुण्याहून येणारी बाकरवडी थेट वायरमनकडे जायची. दुसरा नंबर टॉवरच्या जनरेटरमध्ये डिझेल भरणाऱ्याचा. सरपंच पाचव्या-सहाव्या क्रमांकावर गेले आणि ते त्यांना लागलंही होतं.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा मात्र वायरमनच्याही हातात काही राहिलं नाही. माड आडवे, खांब आडवे, कलमं मुळासकट उपटलेली. लोक आपापल्या बागांतून सुन्न होऊन फिरत होते. रेंजकराने कुठून तरी मोटारसायकलवरून कणकवली गाठली आणि साहेबाला कळवलं की वादळाने वीज नाही. साहेबाचं सहानुभूतीचं उत्तर आलं, की काळजी घे, आणि तोपर्यंत जवळच्या एखाद्या कॉफी शॉपमध्ये बसून काम कर. आमच्याकडचं जवळचं कॉफी शॉप म्हणजे टपरी, आणि तिचं छप्पर तेव्हा ग्रामपंचायतीच्या विहिरीत होतं.

पडवीचा एक दोष त्याला कधी काढता आला नाही. पोस्टाची पाटी काढली तरी लोकांच्या पायांना सवय राहिली. एक म्हातारी दर महिन्याला खिडकीशी यायची. हा लंडनच्या कोणाशी तरी बोलत असायचा. "माजी पेन्शन इली काय रे?" म्हातारी विचारायची. हा कानावरचे हेडफोन न काढता मान हलवायचा, ती लंडनला. "उद्या येव काय?" हा परत मान हलवायचा. म्हातारी समाधानाने जायची. इतकी वर्षं सरकारी खिडकीशी तिला याहून वेगळं काही ऐकायला मिळालं नव्हतं. मी सुद्धा ओशाळलो, पण जास्त नाही.

त्याच्या बोलण्याच्या सवयी गावात शिरल्या त्याची गंमत वेगळी. ग्रामसभेत नळपाणी योजनेवरून दरवर्षीचं भांडण लागलं. हा हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, हा मुद्दा आपण ऑफलाइन घेऊ. कोणाला काही कळलं नाही म्हणून त्याने समजावलं: म्हणजे आत्ता इथे बोलायचं नाही, नंतर दोघा-तिघांनी बाजूला बसून ठरवायचं. सरपंच खुर्चीवरून पुढे झाले. तेही गेली वीस वर्षं हेच करत आले होते, फक्त त्यासाठी त्यांना विरोधकांच्या शिव्या खाव्या लागत होत्या. तेव्हापासून इतिवृत्तात 'सदर विषय ऑफलाइन घेण्यात यावा' असं ग्रामसेवक लिहितो.

लग्नाच्या बाजारात मात्र गाडं अडलं. पूर्वी मुलीकडचे विचारायचे, मुंबईत स्वतःची खोली आहे का? आता याचं पॅकेज लाखांत, पण "मुलगो करता काय?" याला उत्तर काय द्यायचं? "घरातसूनच करता." "म्हणजे करणा नाय." एका मुलीच्या बापाने येऊन माझ्या पडवीत अर्धा तास बसून त्याचं काम बघितलं. अर्धा तास हा स्क्रीनकडे पाहत 'येस, येस, मेक्स सेन्स' म्हणत होता. बाप उठताना मला म्हणाला, "मास्तर, मुलगो बरो हा. पण ह्येका कोण तरी ओरडता हा, आणि ह्यो ऐकून घेता हा. ह्येका पैसे देतत कित्याक?" मला वाटतं, माहिती तंत्रज्ञान उद्योगाबद्दल इतकं नेमकं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

रेंजकराला स्वतःबद्दल बोलायला आवडायचं, आणि मला निवृत्तीनंतर ऐकायला वेळ होता. त्याच्याकडूनच कळलं की 'डिजिटल नोमॅड' नावाचं पुस्तक 1997 सालीच निघालं होतं, माकिमोतो नावाच्या एका जपानी आणि मॅनर्स नावाच्या इंग्रज लेखकाचं. 1997 साली आमच्या गावात फोन एकच होता, माझ्याकडे. एस्टोनिया नावाचा देश 2020 सालापासून अशा भटक्यांना खास व्हिसा देतो, बार्बाडोस बेटही वर्षभर राहा म्हणतं, हेही त्यानेच सांगितलं. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे धनगर पावसाळा संपला की मेंढरं घेऊन घाट उतरतात, रानोमाळ राहतात, आणि त्यांना व्हिसा सोडा, शेतात बसवायलासुद्धा लोक का-कू करतात. त्यावर त्याने ते लिहून घेतलं. कशासाठी, ते विचारायचं मी टाळलं.

अस्सल भटके आमच्याकडे फार टिकत नाहीत. बंगळुरूहून मोटारसायकलवर येतात, पाठीला पिशवी, केसांचा बुचडा. होमस्टेमध्ये पहिला प्रश्न पासवर्डचा, दुसरा बदामाच्या दुधाचा. आठवड्याने गोव्यात उतरतात. हरमल, शिवोली, आसगाव इकडे त्यांनी घरभाडी अशी चढवली आहेत की तिथले गोंयकार आता भाड्याचं घर शोधत आमच्या सिंधुदुर्गाच्या हद्दीकडे बघतात. रेंजकर त्यांच्यातला नव्हे. त्याला मूळ आहे, सातबारा आहे, चुलतभावाशी कोर्टात केस आहे. केस असलेला माणूस भटका होऊच शकत नाही.

2020 च्या नोव्हेंबरमध्ये दूरसंचार खात्याने घरून आणि कुठूनही काम करायचे नियम सैल केले, तेव्हा मला मौज वाटली होती. 1985 पर्यंत टपाल आणि दूरसंचार हे एकच खातं. थोरल्या भावाला घरून काम करायची परवानगी मिळून जमाना झाला होता, धाकट्याला आत्ता मिळाली. दुसरी मौज 2022 च्या सप्टेंबरात. विप्रोने तीनशे माणसं काढली, कारण ती नोकरी करता करता दुसऱ्या कंपनीचंही काम करत होती. रेंजकर दोन दिवस गप्प होता, त्यावरून मी काय ते ओळखलं. आमच्या खात्याचा नियम नेमका उलटा. ग्रामीण डाकसेवकाला पोटापाण्याचं दुसरं साधन असलंच पाहिजे, नाही तर नोकरीच नाही. माझ्या वेळी खातं रोज तीन ते पाच तासांचा मेहनताना द्यायचं आणि उरलेला दिवस तुझा तू बघ म्हणायचं. म्हणून मी पोस्ट सांभाळून आंब्याचे खोके भरले, शिवणयंत्र चालवलं, दशावतारात नारदाचं काम केलं. यावरून कोणी मला काढलं नाही. नारदाच्या कामावरून काढायला हवं होतं, असं काहींचं म्हणणं आहे.

शेवटी त्याच्या नोकरीवर संकट आलं ते वार्षिक मूल्यमापनाचं. साहेब खवळलेला होता. लॅपटॉपही मध्येच बंद पडायला लागला. आईने त्याच्यावरून मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या, आणि तासाभरात तो चालू झाला. रेंजकर म्हणाला अपडेट चालू होतं. आई म्हणाली, मिरच्यांचा वास आला नाही, म्हणजे दृष्टच होती. मग ती त्याला घेऊन रवळनाथाच्या देवळात गेली. गुरवाने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरान तुज्या पायाकडे नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्येच्या कामात लाइट जाता हा, रेंज जाता हा, जा काय विघ्न येता हा, ता सगळा दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"साता समुद्रापलीकडे ह्येचो सायब बसलो हा. तो ह्येच्या वायटावर आसात, तर तेका थयसून हलव रे म्हाराजा!"

यावर रेंजकराने सगळ्यांत मोठ्याने होय म्हाराजा म्हटलं. हे मी स्वतः ऐकलं आहे.

रवळनाथ जागृत आहे. महिन्याभरात साहेब खरोखरच हलला, दुसऱ्या कंपनीत गेला. त्याच्या जागी नवा साहेब आला, तो पुण्यातला. त्याने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळवलं की आता हिंजवडीच्या ऑफिसात यायचं, पाचही दिवस. गाऱ्हाण्यात नव्या साहेबाबद्दल काही मागायचं राहून गेलं होतं, आणि न मागितलेलं देव देत नाही, असं गुरवाचं म्हणणं.

वारा सगळीकडेच फिरला होता. 2020 च्या एप्रिलात टीसीएसने सांगितलं होतं की 2025 पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त लोकांनी ऑफिसात यायची गरज उरणार नाही. 2023 च्या ऑक्टोबरपासून त्यांनीच लोकांना पाचही दिवस बोलावलं. मोठमोठ्यांचं हे, तर पडवीतल्याची काय कथा.

जाताना रेंजकराने राउटर काढून नेला नाही. पैसे तो अजून भरतो, कारण शुक्रवारी रात्रीची बस पकडून येतो तेव्हा त्याला तो लागतो. आठवडाभर संध्याकाळी शाळेतली पोरं पडवीच्या पायऱ्यांवर येऊन बसतात. काही अभ्यास करतात, बाकीची गेम खेळतात. पासवर्ड त्यांना कोणी दिला ते मी सांगणार नाही. त्याची आई हल्ली विहिरीवर ताठ मानेने जाते. "झिल पुण्यात असता, कामाक," असं न विचारताच सांगते. चार वर्षं मुलगा डोळ्यांसमोर असताना तिला ते म्हणता आलं नव्हतं. मुलगा आला की मात्र रविवारी त्याला निघू द्यायला तिचा जीव होत नाही, आणि दर खेपेला डब्यात घावने जास्तच पडतात.

गाव म्हणतो, चाकरमानी सुधारला. मला विचाराल तर तो पडवीत होता तेव्हाही तितकाच चाकरमानी होता. फक्त तेव्हा त्याचं भाडं मला मिळत होतं. म्हणून इथे लिहून ठेवतो, वाचकांपैकी कोणी घरून किंवा कुठूनही काम करणारं असेल तर उपयोग होईल. पडवी सोमवार ते शुक्रवार रिकामी आहे. फायबर आहे, इन्व्हर्टर आहे, टेबल आणि खिडकी पोस्टाची आहे. मंगळवारी लाइट जाते, त्या दिवशी मीटिंग ठेवू नये. दर महिन्याला एक म्हातारी येईल, तिला नीट उत्तर द्यावं. कोंबडा शेजाऱ्यांचा आहे, त्याबद्दलची तक्रार मी घेत नाही. भाडं आगाऊ.